तिसऱ्या मैलाचं फाटक

बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरने सांगितली. सकाळची वेळ होती. यवतमाळच्या स्टँडवर वणीहून आलेली गाडी नुकतीच लागली होती आणि मी सायकल हातात धरून लोहाऱ्याच्या शाळेकडे निघालो होतो. गाडीच्या दारातूनच तो ओरडला, "गुर्जी, तुमचे खैरगावचे चाचा गेले. परवा. दफन बी झालं." आणि लगेच कोणाच्या तरी गाठोड्यावरून भांडायला आत वळला. मी तसाच उभा राहिलो. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आला तो राग होता. परवा गेले आणि आज सांगता? मला न विचारता गेले? मग माझं मलाच हसू आलं, कारण न विचारता जाणं ही तर त्या माणसाची जन्माची सवय... सायकल ओळखीच्या पानवाल्याकडे टाकली आणि तीच गाडी परत फिरली तशी तिच्यात बसून निघालो. शाळेत रजेचा अर्ज दिला नाही. अर्ज न देता घेतलेली ती माझ्या नोकरीतली पहिली रजा. चाचांच्या कानावर गेली असती तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती.

शेख इमाम हे त्यांचं नाव. खैरगावच्या बाजारओळीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आसपासच्या वीस गावांत त्यांना सगळे चाचाच म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. माणूस गेला की तो देवमाणूस होता, कोणाला दुखवलं नाही, असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. चाचांनी पुष्कळांना दुखवलं, त्यात मी पहिला. ते हेकट होते, तोंडाने फटकळ होते, आणि पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाने घाई केली तर त्याची सायकल चाक काढलेल्या अवस्थेत परत देत. पण त्यांच्या त्या हेकटपणामुळे आज चारशे माणसं सरळ रस्त्याने बाजाराला येतात, आणि गोड स्वभावाच्या माझ्यामुळे तो रस्ता एकदा बंद पडला होता. ही गोष्ट मी आजवर लिहून ठेवली नव्हती. आता ठेवतो.

खैरगाव हे वणीहून झरी-जामणीच्या जंगलाकडे जाताना लागतं. तिथून डोंगरातल्या दगडखाणीपर्यंत पूर्वी पाच मैलांची लहानशी रेल्वे लाइन होती. एक म्हातारं इंजिन गिट्टीचे आणि सागवानाचे डबे ओढत यायचं-जायचं. लढाईच्या दिवसांत खाण बंद पडली, रूळ उखडून कुठे कुठे नेले गेले, आणि खालचे लाकडी स्लीपर गावकऱ्यांच्या दारांच्या चौकटींना आणि चुलींना लागले. राहिली ती नुसती वाट. नाल्यांवर दगडी मोऱ्या, सखल जागी मातीचा भराव, आणि तिसऱ्या मैलाला डोंगर कापून केलेली अरुंद खिंड. चाचा ह्या लाइनीवरचे चावीवाले होते. रूळ ज्या लोखंडी पाचरींनी जागच्या जागी आवळलेले असतात त्यांना चाव्या म्हणतात. गाडीच्या हादऱ्याने त्या सैल होतात. म्हणून चावीवाल्याने रोज सकाळी खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन सगळी लाइन चालायची, जाताना एका रुळावर नजर ठेवायची, येताना दुसऱ्यावर, आणि जिथे चावी सैल दिसेल तिथे ठोकायची. ह्या फेरीला ते बीट म्हणत. बीट मधून सोडायची नसते, एक हात जागासुद्धा वगळायची नसते. न बघितलेल्या त्या एका हातावरच गाडी घसरते, असं ते सांगत.

रूळ गेल्यावर इतर माणसांच्या दुसऱ्या लाइनींवर बदल्या झाल्या. चाचा गेले नाहीत. त्यांनी नोकरी सोडली, सायकलीचं दुकान टाकलं, पण वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, हातोडा खांद्यावर टाकून ते आपली बीट फिरून यायचे. आधी एकटेच जात. लोक हसत. मग दुकानात बसायला येणारे दोघे-चौघे सोबत जाऊ लागले, मग त्यांच्या सोबतीला आणखी काही. मी छप्पन साली खैरगावच्या शाळेत रुजू झालो, विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि शाळेच्या शिक्क्यावर मध्यप्रदेश तसाच होता, तेव्हा त्या चालण्याला पंधरा-वीस माणसं असायची. मी बोरी अरबचा, कपाशीवाल्या शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या दारव्ह्याकडे आगगाडी अजून चालते, तेव्हा रूळ नसलेल्या रेल्वेवर फिरायला जायचं हे ऐकून मी पहिल्या वर्षी मोठ्याने हसलो होतो. चाचांनी सायकलच्या चाकातून मान वर केली. म्हणाले, "हसून राह्यले काहून, मास्तर? रूळ नेले त्यायनं. रस्ता कोन नेला?"

त्या रविवारी मी गेलो, आणि मग दरवर्षी गेलो. सकाळी सहाला जुन्या पाण्याच्या टाकीपाशी जमायचं. फडक्यात भाकरी, ठेचा, कोणाकडे तिळाच्या वड्या. चाचा पुढे. त्यांच्यामागे त्यांच्याच पावलाने चालायचं, आणि ते पाऊल म्हणजे एक शिक्षाच होती. स्लीपर ते स्लीपर एवढंच ते पडे, ना धड लांब ना धड आखूड. स्लीपर जाऊन जमाना झाला तरी ते पाऊल तेच राहिलं, बाजारात, मशिदीच्या पायऱ्यांशी, घरातल्या घरातसुद्धा. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करीत आणि मी त्यांना रागावत असे, पण पहिल्या मैलापर्यंत आम्ही सगळे मोठे लोकही तशीच नक्कल करत चाललेलो असू. दर मैलाच्या दगडावर चाचा हातोडा हळूच टेकवत. पुढे सरकारने किलोमीटर आणले, रस्त्यावरचे दगड बदलले. चाचांचा मैल मैलच राहिला. दुपारी खाणीपाशी पोहोचायचं. तिथे शेवटच्या मोरीच्या दगडात रुळाचा एक हातभर तुकडा अडकून राहिलेला होता, उखडणाऱ्यांना तो निघालाच नाही. त्यावर चाचा तीनदा हातोडा मारत. तो आवाज डोंगरात असा काही घुमे की वरच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, माणसं खाली उतरायला लागत. भीमाबाई सगळ्यांच्या पुढे. बांबूच्या टोपल्या विणणारी, दर बाजाराला डोक्यावर टोपल्यांची उतरंड घेऊन खैरगावला येणारी ही बाई चाचांना लाइनवाला म्हणे आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली त्यांच्यापुढे आदळे. शेकोटीवर हुरडा भाजला जाई. चाचा खांद्यावरचं फडकं अंथरून बाजूला नमाज पढत, मग येऊन हुरडा चोळायला बसत, आणि कोणी तिळाची वडी देताना "गोड बोला" म्हटलं की म्हणत, "वडी दे. बोलन्याचं पाहू."

ही सगळी मौज सांगितली, पण त्या वाटेवर काय अवलंबून होतं तेही सांगायला हवं. पोड चौथ्या मैलावर. खिंडीतून आलं तर सपाट वाटेने चार मैलांत खैरगाव. तिथे बाजार, तिथे दवाखाना, तिथे माझी शाळा. खिंड सोडली तर डोंगराला वळसा घालून नाल्यातून आठ मैल, आणि पावसाळ्यात नाला भरला की तेही नाही. पोडावरची सात मुलं मी चौसष्ट विनवण्या करून शाळेत आणली होती. ती रोज त्या भरावावरून, त्या खिंडीतून येत. आमच्या वार्षिक चालण्याला पुढारी लोक सहल म्हणत. चाचा कधीच सहल म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी ती वहिवाट होती, आणि वहिवाट पायांनी टिकते, हे त्या न शिकलेल्या माणसाला आम्हा सगळ्या शिकलेल्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी खिंडीच्या दोन्ही अंगांची शेतं बापूसाहेबांनी घेतली. बापूसाहेब म्हणजे तालुक्यातले मोठे कास्तकार, स्वतःचं जिनिंग, स्वभावाने अतिशय गोड. त्यांनी शेताला काटेरी तारांचं कुंपण घातलं आणि ते घालता घालता खिंडीच्या तोंडाशी, बरोबर तिसऱ्या मैलाच्या दगडाजवळ, एक लाकडी फाटक बसवलं. कुलूप नव्हतं. नुसतं फाटक. गुरं आत येऊ नयेत म्हणून, असं त्यांचे दिवाणजी सांगत. पण दिवाणजी तिथे खाट टाकून बसू लागले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोठी चालले?" असं विचारू लागले. संक्रांत जवळ आली तशी मला काळजी वाटायला लागली. चाचा फाटकाशी पोहोचणार, दिवाणजी काहीतरी बोलणार, चाचा त्याहून काहीतरी बोलणार, आणि हातात तो हातोडा. मला भांडण नको होतं. मी गावात नवा नसलो तरी बाहेरचा होतो, शाळेच्या दोन खोल्यांसाठी बापूसाहेबांकडून देणगी मिळायची आशा होती, आणि मुख्य म्हणजे मला अर्ज लिहिता येत असे. अख्ख्या खैरगावचे अर्ज मी लिहून देई. विहिरीचे, तगाईचे, बदलीचे, सुनेला माहेरून परत पाठवण्याचेसुद्धा. तेव्हा मी चाचांना न सांगता एक सुरेख अर्ज लिहिला. "कृपावंत बापूसाहेब यांचे सेवेशी, सालाबादप्रमाणे आम्ही काही मंडळी आपल्या मालकीच्या जागेतून पायी जाऊ इच्छितो, तरी एक दिवसाकरिता परवानगी मिळावी ही नम्र विनंती." खाली सही, हुद्दा, तारीख. अक्षर माझं चांगलं आहे, ते त्या कागदावर फारच चांगलं आलं होतं.

परवानगी उलट टपाली मिळाली. रविवारी आम्ही फाटकाशी पोहोचलो तर फाटक सताड उघडं, बाजूला चहाचं मोठं पातेलं, कपबशा मांडलेल्या, आणि दिवाणजी चक्क उभे राहून स्वागताला. मंडळी खूश झाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात दिवाणजींनी खिशातून कागद काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं की, गुरुजींच्या विनंतीवरून मालकांनी आजच्या एका दिवसापुरती परवानगी दिली आहे. चाचा मैलाच्या दगडाशी होते. हातोडा टेकवायला झुकलेले तसेच थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हे कोनं मांगतलं?"

"मी."

"कायले?"

भांडण होऊ नये म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटलो. चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आपल्या घरात जाताना कोनी शेजाऱ्याले इचारते का रे?" आणि त्या दगडावर फाटकाकडे पाठ करून बसले. दिवाणजींनी चहा पाठवला, त्यांनी कप तसाच परत पाठवला. बाकीची मंडळी घुटमळली, पण चहा घेतलेला होता, पुढे हुरडा होता... आम्ही गेलो. मीही गेलो, हे लिहिताना आजही मान खाली जाते. त्या रविवारी मोरीवरच्या रुळावर कोणी हातोडा मारला नाही. भीमाबाई आवाजाची वाट बघत पोडावरच थांबली होती, ती खाली आलीच नाही आणि पोडावरचं दुसरंही कोणी आलं नाही. दुपारी परत येतो तर चाचा दगडावरून उठून कधीच घरी गेले होते. ज्या माणसाने जन्मात बीट अर्धी सोडली नाही त्याची बीट मी माझ्या सुंदर अक्षराने मोडली होती. पुढे दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या सायकलीची चेन तुटली तेव्हा दुकानात गेलो, त्यांनी चेन बसवली, तेल घातलं, आणि सायकल शेजारच्या शिंप्याच्या हातात देऊन म्हणाले, "ज्याची हाय त्याले दे." मी समोर उभा होतो.

आणि मग व्हायचं तेच झालं. पावसाळ्याच्या तोंडाला फाटकाला कुलूप लागलं. बापूसाहेबांचं म्हणणं अगदी सरळ होतं. परवानगी एका दिवसाची मागितली, एका दिवसाची दिली, आता बाकीच्या दिवसांचं काय? माझी सात मुलं यायची थांबली. भीमाबाई एका बाजारच्या दिवशी नाल्यातून आली ती कंबरेपर्यंत भिजलेली, टोपल्यांची अर्धी उतरंड वाहून गेलेली. ती माझ्या शाळेच्या दारात उभी राहिली आणि ओलं लुगडं पिळत राहिली. मी त्याच दिवशी चाचांच्या दुकानात गेलो. म्हटलं, चाचा, मारा मला पण बोला. ते बराच वेळ स्पोकशी झटापट करत राहिले. शेवटी म्हणाले, "आता अर्ज लेहा. पन मालकाले नोको. सरकारले. अन् त्याच्यात इनंती म्हनून लेहू नोको." मी लिहिला. माझ्या हातून लिहिला गेलेला विनंती नसलेला तो पहिला अर्ज.

दिवाळीनंतर नायब तहसीलदार चौकशीला आले. खिंडीच्या तोंडाशी खुर्ची टाकली होती. एका बाजूला बापूसाहेब, दिवाणजी, दुसऱ्या बाजूला आम्ही आणि डोंगरावरून फिरून आलेलं सगळं पोड. बापूसाहेबांनी फार बोलणं केलंच नाही. त्यांनी माझा अर्ज पुढे केला. तहसीलदारांनी विचारलं, "हे कोणाचं अक्षर?" मी म्हटलं, माझं. "मग वाचा." आणि मी, वर्गात मुलांना मोठ्याने आणि स्पष्ट वाचायला शिकवणारा मास्तर, त्या सगळ्यांसमोर "आपल्या मालकीच्या जागेतून" हे शब्द मोठ्याने आणि स्पष्ट वाचले. तहसीलदार म्हणाले, जागा त्यांच्या मालकीची, तुम्हीच कबूल करता, परवानगी मागता, ती ते देतात, मग वहिवाट कसली? पोडाकडे बघायची हिंमत होईना.

तेव्हा चाचा पुढे आले. डोक्यावर टोपी, खांद्यावर हातोडा, काखेत त्या विटक्या झेंड्या. म्हणाले, "साहेब, मास्तरनं परवानगी मांगतली ते मास्तरसाठी. त्याले जाऊ द्या नाही तर नोका जाऊ देऊ, तुमी जाना अन् तो जाने. माह्यासाठी मांगाचं याले कोन सांगतलं? त्या रोजी मी ह्या फाटकातून गेलोच नाही. ह्या गोट्यावर बसलो होतो, इचारा. पोडावरचं बी एक मानूस आलं-गेलं नाही त्या रोजी." तहसीलदारांनी मान हलवली, पण त्याने काय सिद्ध होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी विचारलं, मग तुमची ती फेरी राहिलीच म्हणायची? चाचांना हा प्रश्न अपमानाचा वाटला. "राह्यते कशी? सोमवारी आलतो ना! एकटाच. पहाटी. हे फाटक खोललं अन् मोरीवर ठोकून आलो." आणि इथे ती गंमत झाली. दिवाणजींना त्या सोमवारची आठवण अजून झोंबत होती. मालक डोळ्यांनी खुणावत होते तरी त्यांना राहवलं नाही. ते उसळून म्हणाले, "हो साहेब, आला होता! म्या किती आडोलं, इचारल्याबिगर जाऊ नोको म्हन्लं, तरी मले धकलून गेला. हा कधीच इचारत नाही साहेब. हा नेहमीच असा जाते. अन् हे पोडावाले बी तसेच, जवापासून म्या पाहून राह्यलो तवापासून एकानं बी कधी इचारलं नाही!"

तहसीलदारांनी चष्मा पुसला, परत लावला आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा. कधीच विचारत नाही. नेहमीच जातो. दिवाणजींच्याच तोंडचे शब्द लिहा. न विचारता नेहमी जाणं, वहिवाट म्हणतात ती हीच." मग ते उठले आणि चाचांना म्हणाले, "चला, कुठपर्यंत आहे तुमची ही बीट, दाखवा." चाचांनी पाऊल टाकलं, ते स्लीपर ते स्लीपर, आणि तो सरकारी माणूस बूट सांभाळत त्यांच्यामागे त्याच पावलाने चालू लागला. मागे आम्ही, मागे पोड. खाणीच्या मोरीपाशी चाचांनी हातोडा उचलला आणि रुळावर तीनदा मारला. मी त्या आवाजाला रडलो. भीमाबाईने माझ्याकडे बघितलं आणि तुरीच्या शेंगांची एक मूठ माझ्या हातात कोंबली. निकाल महिन्याभराने आला. गुरांसाठी फाटक ठेवायला हरकत नाही, कुलूप लावायचं नाही, वाट सर्वांना खुली. माझी सातही मुलं परत आली.

त्यानंतर चाचा माझ्याशी पुन्हा बोलू लागले, पण माफ केलं असं कधी म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. दरवर्षी फाटकाशी आलं की ते मागे वळून सगळ्यांसमक्ष म्हणत, "मास्तर, खिशे दाखवा. कागद-गिगद नाही ना?" आणि मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवी. हा आमच्या चालण्यातला एक विधीच होऊन बसला होता. पासष्ट साली माझी यवतमाळला बदली झाली, तरी त्या रविवारी मी खैरगावला असायचोच. गेल्या संक्रांतीला मात्र चाचांचे गुडघे गेले होते. दुसऱ्या मैलाच्या दगडापर्यंत आले आणि बसले. हातोडा माझ्या हातात दिला. म्हणाले, "पाऊल संभाळ. लांब टाकतं तू." मी तीन मैल पुढे गेलो, मोरीवर तीनदा मारलं, हुरडा खाल्ला न खाल्ला आणि परत आलो. ते तसेच उन्हात बसलेले. "आवाज आला," म्हणाले. "दुसरा जरा बद्द वाटला. हात कापला का?" मध्ये तीन मैलांचा डोंगर. आवाज येणं शक्यच नव्हतं. पण दुसऱ्या ठोक्याला माझा हात खरंच निसटला होता... ह्याचं मला उत्तर सापडलेलं नाही आणि शोधायचंही नाही. तीच आमची शेवटची भेट.

कंडक्टरने सांगितल्यावर त्या दिवशी खैरगावला पोहोचलो तो आधी कब्रस्तानात गेलो, मग घरी. चाची इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात होत्या, पडद्याआडूनच बोलल्या. दुखणं फार दिवसांचं नव्हतं, शेवटपर्यंत दुकानात बसले, आदल्या दिवशीही कोणाशी तरी ट्यूबवरून वाद घातला. ते ऐकून मला फार बरं वाटलं. दाराच्या आडोशाला नेहमीच्या जागी हातोडा उभा होता. दांडा मधोमध इतका झिजलेला की हाताची पकड बघायला माणूस लागत नाही. मी तो उचलला. आठवण म्हणून नेऊ का, असं विचारणारच होतो. पडद्यामागून चाची म्हणाल्या, "घरी नोका नेऊ, गुर्जी. ते ड्यूटीची चीज हाय. बीटच्या दिवशी इथून न्याचं अन् सांजच्याले इथंच आनून ठेवाचं." मी तो परत ठेवला. ठेवताना जमिनीवर लोखंडाचा जो लहानसा आवाज झाला तो ऐकून चाची आत रडू लागल्या, आणि मी बाहेर.

हे सगळं आज लिहितो आहे त्याला कारण गेल्या आठवड्यात आलेलं एक पत्र. बापूसाहेब आता थकले, कारभार त्यांचे चिरंजीव बघतात. पत्र त्यांचं. अतिशय सौजन्याचं. चाचांच्या जाण्याने गावाची हानी झाली असं त्यांनी लिहिलं आहे, आणि ते त्यांना मनापासून वाटत असेल, मी शंका घेत नाही. येत्या संक्रांतीनंतर मंडळी निघतील तेव्हा आदल्या दिवशी दोन ओळींची चिठ्ठी धाडावी, म्हणजे फाटक उघडून ठेवण्याची आणि चहापाण्याची व्यवस्था करता येईल. शिवाय त्यांच्या खर्चाने फाटकाशी एक संगमरवरी शिळा बसवायची इच्छा आहे. तिच्यावरचा मजकूरही जोडला आहे. वर चाचांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात, जागामालकांच्या अनुमतीने.

आणि माझी लाज बघा. मी दौत उघडली होती. कोऱ्या कागदावर "आपले कृपापत्र पावले, आपण दिलेल्या" इथपर्यंत सुंदर अक्षरात लिहूनही झालं होतं. सवय माणसाच्या हाडीमाशी खिळलेली असते. मग उगाच वाटलं की मागून कोणी म्हणतंय, मास्तर, खिशे दाखवा. मी तो कागद फाडला. संगमरवराचं चाचांनी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि हातोडा त्यांच्याकडे होताच. त्यांना शिळा नको. तिसऱ्या मैलाचा त्यांचा दगड आहे, त्यावर बसून त्यांनी एकदा अख्खी वाट वाचवली, त्याच्यावर काही लिहिण्याची गरज नाही.

त्या पत्राला मी उत्तर पाठवलेलं नाही, पाठवणारही नाही. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी चाचांच्या दाराआडून तो हातोडा घेईन. ज्याला यायचं असेल त्याने सहा वाजता पाण्याच्या टाकीपाशी यावं, भाकरी बांधून आणावी, पाऊल आखूड टाकावं. फाटकाशी चहा मांडलेला असेल तर त्याकडे बघूसुद्धा नये. मी तिथे पोहोचलो की सगळ्यांसमोर दोन्ही खिसे उलटे करून दाखवीन, फाटक स्वतःच्या हाताने उघडीन, आणि कोणालाही काहीही न विचारता आत जाईन.